कनेक्शन रिफ्यूज्ड की टाइम्ड आउट? आधी घड्याळ बघा

रात्री अकराला टीममधल्या पोराचा फोन आला. "दादा, साइट बंद आहे. डेटाबेस पडलाय. रीस्टार्ट मारू का?"

"थांब जरा. पेज रिफ्रेश कर आणि मोठ्याने आकडे मोज."

"काय?"

"एक, दोन, तीन. मोज."

बिचाऱ्याने मोजायला घेतलं. वीस झाले, तीस झाले. चाळिसाला म्हणाला, "अजून फिरतंयच." साठाच्या आसपास स्क्रीनवर ५०४ उमटला, म्हणजे 'मागून वेळेत उत्तर आलं नाही' सांगणारा एरर क्रमांक.

"मग डेटाबेसला अजून हात लावू नकोस. अ‍ॅप सर्व्हरवर लॉगिन कर आणि तिथून एनसी मारून ३३०६ पोर्ट लागतो का बघ."

(पोर्ट म्हणजे मशीनवरचं क्रमांक लावलेलं दार, ३३०६ हे मायएसक्यूएल या डेटाबेसचं. एनसी ही कमांड ते दार लागतंय का एवढंच बघते.) तेही लटकलं. ना हो, ना नाही. आता मला वाटायला लागलं की डेटाबेस बहुधा ठणठणीत आहे आणि गोची वाटेत कुठेतरी आहे.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दोन ओळी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात: 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट'. दोन्हींचा अर्थ वरवर एकच, डेटाबेस लागत नाही. त्यामुळे दोन्हींवर एकच औषध दिलं जातं: रीस्टार्ट. पण एक आहे नकार आणि दुसरी आहे शांतता, आणि दोन्हींची कारणं जवळजवळ कधीच एका ठिकाणी सापडत नाहीत.

वेब अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसशी बोलायला निघालं की सर्वांत आधी टीसीपीचं, म्हणजे दोन मशीनमध्ये जोडणी करायच्या नियमांचं, एक छोटं पॅकेट जातं, त्याला सिन म्हणतात. समोरच्या मशीनवर त्या पोर्टवर कोणी ऐकत बसलेलं नसेल, तर त्या मशीनचं कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) तडक रिसेटचं पॅकेट परत पाठवतं. टीसीपीच्या १९८१ च्या मूळ दस्तऐवजापासून हा नियम आहे. हाच रिसेट आपल्याला 'रिफ्यूज्ड' म्हणून दिसतो. यायला लागतात काही मिलिसेकंद.

आता विचार करा, या नकारात किती बातम्या आहेत. आयपी पत्ता बरोबर आहे किंवा निदान तिथे एक जिवंत मशीन आहे. जायची वाट मोकळी आहे, यायचीही मोकळी आहे. फक्त त्या दारामागे कोणी नाही. म्हणून मला रिफ्यूज्ड दिसलं की हायसं वाटतं. निम्मा तपास झालेला असतो.

टाइम आउटमध्ये सिन जातं आणि काहीच परत येत नाही. पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नाही की पॅकेट हरवलं, मशीन बंद आहे, की कोणी मुद्दाम गिळलं. मग लिनक्स पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. नेहमीच्या सेटिंगवर अनेक वेळा फेरप्रयत्न होतात आणि हात टेकायला जुन्या कर्नलवर १२७ सेकंद लागतात, नव्यावर १३१. म्हणजे दोन मिनिटांहून जास्त.

तरी त्या पोराला ५०४ साठाव्या सेकंदालाच का दिसला? कारण पुढे एनजिनएक्स, म्हणजे पाहुण्याची रिक्वेस्ट घेऊन अ‍ॅपला देणारा वेब सर्व्हर, बसलेला होता आणि त्याचा मागच्या अ‍ॅपसाठी थांबायचा संयम मुळात ६० सेकंदांचा असतो. अ‍ॅप अजून डेटाबेसची वाट बघतंय, तोवर एनजिनएक्स कंटाळून निघून जातो. त्यामुळे अशा वेळी ब्राउझरमध्ये डेटाबेसचं नावही येत नाही. रिफ्यूज्ड असतं तर अ‍ॅपने तिथल्या तिथे अपवाद (एक्सेप्शन) फेकला असता आणि क्षणात ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या चुकीचा क्रमांक, आला असता. अर्थात नुसता ५०४ हा पुरावा नाही, एखादी कासवछाप क्वेरीही तोच आकडा दाखवते. म्हणून एनसी. तिथे क्वेरीचा संबंधच येत नाही, फक्त दार वाजवलं जातं. आणि ते अ‍ॅप सर्व्हरवरूनच वाजवायचं, आपल्या लॅपटॉपवरून नाही. "माझ्याकडून तर लागतंय" या वाक्याने माझ्या आयुष्यातले बरेच तास खाल्ले आहेत.

आकडे पाठ करायची सवय असेल तर एक गंमत सांगतो. लिनक्सवर रिफ्यूज्डचा क्रमांक १११ आणि टाइम आउटचा ११०. मॅकवर ६१ आणि ६०. विंडोजवर १००६१ आणि १००६०. तिन्हीकडे नकार शांततेपेक्षा एकने मोठा. मायएसक्यूएलची २००३ ची एरर येते तेव्हा शेवटी कंसात हाच आकडा छापलेला असतो, पण आपण सगळे २००३ गूगल करतो आणि कंसाकडे बघतही नाही. खरी बातमी त्या कंसात असते.

नकार मिळाला असेल तर शोध डेटाबेसच्या मशीनवर घ्यायचा. पहिला प्रश्न सोपा, प्रोसेस चालू आहे का? एक जीबी रॅमच्या स्वस्तातल्या सर्व्हरवर वर्डप्रेस आणि मायएसक्यूएल एकत्र नांदत असतील, तर गर्दीच्या वेळी मेमरी संपते आणि कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारा बोकड शोधून कापतं. तो बहुतेक वेळा मायएसक्यूएलच असतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलचे निरोप दाखवणाऱ्या कमांडमध्ये, 'आउट ऑफ मेमरी'ची ओळ सापडते. अशा वेळी रीस्टार्टने साइट उठते खरी, पण पुढच्या गर्दीला पुन्हा आडवी होते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचं वेगळं: त्याची वॉल (बदलांची आधी लिहिलेली नोंद) ठेवायची डिस्क काठोकाठ भरली की तो पॅनिक करून स्वतःच बंद होतो, आणि जागा केल्याशिवाय धड उठत नाही.

प्रोसेस चालू असूनही नकार येत असेल, तर एसएस कमांडने ती कुठल्या पत्त्यावर ऐकतेय ते बघा. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, ऐकतो. उबुंटूवरच्या मायएसक्यूएलचाही बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१, म्हणजे लोकलहोस्टच, असतो. म्हणजे त्याच मशीनवरून विचारलं तर हजर, शेजारच्या मशीनवरून विचारलं तर "इथे कोणी राहत नाही." अ‍ॅप आणि डेटाबेस दोन मशीनवर वेगळे केले की पहिल्या दिवशी हमखास इथे ठेच लागते. उबुंटूवर पोस्टग्रेसची नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी टाकली की आणखी एक मजा होते. ५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट जुनीने धरलेला असतो, म्हणून नवी गुपचूप ५४३३ घेते. नंतर जुनी काढून टाकली की अ‍ॅप ५४३२ वर नकार खात बसतं आणि आपण म्हणतो, "पण पोस्टग्रेस तर चालू दाखवतोय!"

आणि डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. होस्ट मशीन नव्हे, शेजारचा डेटाबेसचा कंटेनरही नव्हे. लॅपटॉपवर थेट चालवलेलं अ‍ॅप कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) गुंडाळलं, पण सेटिंगमध्ये लोकलहोस्ट तसंच ठेवलं, की नकार ठरलेला. तिथे कंपोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव टाकायचं. दुसरा नकार फसवा असतो: सुरुवातीची पाच-दहा सेकंद येतो आणि नंतर सगळं सुरळीत. डिपेंड्स-ऑन ('हा त्याच्यानंतर सुरू कर') नुसतं लिहिलं तर कंपोज डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्याची वाट बघतो, डेटाबेस बोलायला तयार होण्याची नाही. हेल्थचेक, म्हणजे डेटाबेस तयार आहे का याची तपासणी, लावून तशी अट घातली की प्रश्न मिटतो.

शांतता असेल तर डेटाबेसच्या लॉगमध्ये काहीच सापडणार नाही. तिथवर कोणी पोचलेलंच नसतं, तर लॉगमध्ये काय लिहिणार? तरी लोक तासन्‌तास तो लॉग चाळत बसतात. शोध वाटेवर घ्यायचा: फायरवॉल, क्लाउडमधला सिक्युरिटी ग्रुप (तिथली फायरवॉल), राउटिंग, पत्ता. एडब्ल्यूएस या क्लाउडचे सिक्युरिटी ग्रुप परवानगी नसलेलं पॅकेट नाकारत नाहीत, निमूट गिळतात. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलचा डिनायही तसाच. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पोर्ट हुंगत फिरणाऱ्याला "इथे कोणी आहे" हेसुद्धा का कळू द्या? त्याची किंमत आपण रात्री अकराला मोजतो.

दोन अपवाद मात्र सांगायला हवेत. फायरवॉल गिळण्याऐवजी नाकारायला सांगून ठेवली असेल, तर डेटाबेस चालू असतानाही रिफ्यूज्डसारखंच दिसतं, किंवा 'नो रूट टू होस्ट' येतं. आणि उलट, डेटाबेस चालू आहे पण नव्या जोडण्यांची रांग तुंबलीय, तर लिनक्स नवे सिन टाकून देतं आणि बाहेरून शांतता वाटते. हे दुसरं क्वचित होतं.

एक तिसरा बहुरूपी मात्र रोज भेटतो. जावामध्ये हिकारीसीपीचा पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, वापरत असाल तर ३०००० मिलिसेकंदांनी रिक्वेस्ट टाइम्ड आउट झाल्याची ओळ येते. नावात टाइम आउट आहे म्हणून लोक नेटवर्कवाल्याला उठवतात. प्रत्यक्षात अनेकदा पॅकेट मशीनबाहेर गेलेलंही नसतं. आपल्याच पूलमधली मुळातली दहाही कनेक्शनं कोणीतरी घेऊन बसलंय आणि परत करत नाही, एवढंच. पायथनच्या एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीत हाच प्रकार क्यूपूल लिमिटच्या नावाने येतो. उत्तर कोडमध्ये असतं: न बंद केलेलं सेशन किंवा लांबलेला ट्रान्झॅक्शन.

आणि एरर १०४५ असेल, म्हणजे अ‍ॅक्सेस डिनाइड, किंवा १०४०, म्हणजे टू मेनी कनेक्शन्स, तर तुम्ही दारातून आत पोचला आहात. पोर्ट, फायरवॉल सगळं सोडा. पासवर्ड बघा किंवा कोण किती जोडण्या अडवून बसलंय ते बघा. वर्डप्रेस पाहुण्याला मात्र या साऱ्यांसाठी तीच एक पांढरी पाटी दाखवतं, म्हणून त्या पाटीवरून निदान करायचं नाही.

दोन्हींत साइटला जास्त मार कशाचा बसतो विचाराल तर मी म्हणेन शांततेचा. नकारात प्रत्येक रिक्वेस्ट क्षणात फसते आणि वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस, मोकळा होतो. डेटाबेस न लागणारी पानं, कॅशमधलं (आधीच साठवून ठेवलेलं) होमपेज, सगळं चालत राहतं. शांततेत मात्र प्रत्येक वर्कर दोन-दोन मिनिटं तोंडात बोट घालून उभा राहतो. दहा वर्कर असतील तर दहा पाहुण्यांत दुकान बंद. म्हणून कनेक्ट टाइम आउट तीन ते पाच सेकंदांवर आणून ठेवायचा. पोस्टग्रेसच्या लिबपीक्यू या जोडणीच्या लायब्ररीमध्ये तो मुळात शून्य असतो, म्हणजे कर्नल थकेपर्यंत थांबा. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कच्या डेटाबेस सेटिंगमध्ये ऑप्शन्सखाली एक ओळ टाकली की काम होतं. एवढी स्वस्त दुरुस्ती असून मी घेतलेल्या बहुतेक प्रोजेक्टांत ती नव्हती.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. दुपारी रॅम वाढवायला अ‍ॅप सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता. क्लाउडवर असं केलं की, पत्ता कायमचा घेऊन ठेवला नसेल तर, सार्वजनिक आयपी बदलतो. डेटाबेस दुसऱ्या अकाउंटमध्ये होता आणि त्याच्या फायरवॉलमध्ये फक्त जुन्या आयपीला परवानगी होती. संध्याकाळपर्यंत कॅशने लाज राखली, रात्री ती संपली. नियमात आयपी बदलला आणि साइट लगेच लागली. रीस्टार्ट मारला असता तर चालता डेटाबेस उगाच खाली गेला असता.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्याचाच फोन, दुसऱ्या एका साइटसाठी.

"दादा, मोजलं. 'एक' म्हणायच्या आत ५०० आला."

"मग?"

"मग काय, डीमेसेज बघतोय. मायएसक्यूएल मेलाय मेमरीपायी. तुम्ही झोपा."