गार्ड कुणी काढलं?

शटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे उभारण्याचं काम करणाऱ्या सुताराला साइटवर टेबलाची करवत क्वचितच मिळते. त्याच्या हाती असतो तो ग्राइंडर, मुळात लोखंड घासायला आणि फरशी कापायला केलेला. त्यालाच लाकडाचं दातेरी ब्लेड चढवलं की प्लाय, बॅटन झपाट्याने कापून होतात. ब्लेड गार्डात, म्हणजे ब्लेडवरच्या संरक्षक झाकणात, मावत नसेल तर गार्ड निघतं आणि कुठल्या तरी सिमेंटच्या गोणीमागे पडून राहतं. चालतं ब्लेड लाकडात अडकलं की यंत्र जोराने उसळतं. ते सावरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

फिरत्या करवतीचा हा स्वभाव जुनाच माहीत आहे. पात्यामागे लोखंडी पट्टी उभी केली की कापलेली फट मिटत नाही आणि लाकूड मागे फेकलं जात नाही. ब्रिटनमध्ये लाकूडकामाच्या यंत्रांचे नियम 1922 मध्येच झाले होते. आपल्याकडे अशी पट्टी कारखान्यांच्या नियमांत आली. पण बांधकामाची साइट म्हणजे कारखाना नव्हे. कारखाने अधिनियम 1948 चा, तर बांधकाम मजुरांसाठीचा केंद्रीय कायदा 1996 चा. मधल्या काळात किती इमारती उठल्या, ते मुंबईकडे पाहिलं तरी कळतं.

भरपाईचा कायदा मात्र 1923 पासूनचा. त्याच्या परिशिष्टात शरीराचे टक्के मांडलेले होते: कुठला अवयव गेला की कमाईची क्षमता किती गेली, ते. अंगठा गेला तर 30, तर्जनी पूर्ण गेली तर 14, करंगळीला 7. 2020 पासून हिशेबात महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरला जाई. त्या दराने तीस वर्षांच्या कामगाराच्या तर्जनीचे सुमारे 2 लाख 62 हजार रुपये होतात. सुतार खिळा धरतो तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, पेन्सिलही तिथेच. त्याच्यासाठी 14 टक्के हा आकडा मला तरी पटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एकदा हे ओळखलं होतं. ओडिशातल्या जेपूरला एका सिनेमागृहाचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. अपघात 1968 चा, निकाल डिसेंबर 1975 चा. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची क्षमता 100 टक्के गेली, हे भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांचं म्हणणं न्यायालयाने उचलून धरलं. मूळ भरपाई होती 9,800 रुपये.

ज्याचं बोटच गेलं, त्याच्या वाटेत आणखी एक कलम आहे. दिलेलं सुरक्षा साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं असेल, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांची भरपाई मालकाला टाळता येते. म्हणजे पुन्हा ते गोणीमागचं गार्ड.

अमेरिकेत हाच वाद वेगळ्या दिशेने गेला. स्टीफन गास या पेटंट वकिलाने अंग लागताच सुमारे 5 मिलिसेकंदांत ब्लेड थांबवणारी करवत तयार केली आणि 2000 मध्ये अटलांटाच्या प्रदर्शनात बोटाऐवजी सॉसेज धरून ती दाखवली. मोठ्या उत्पादकांनी ते तंत्र घेतलं नाही. 2005 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडी फरशी बसवणाऱ्या एका स्थलांतरित कामगाराचा हात स्वस्तातल्या करवतीत सापडला. गार्ड लावलेलं नव्हतं. तरी 2010 मध्ये बॉस्टनच्या ज्यूरीने त्याची चूक 35 टक्केच धरली आणि 15 लाख डॉलर मंजूर केले. असं ब्रेक असलेलं यंत्र बनवता येत असताना ते का बनवलं नाही, यावर तो खटला उभा होता.

आपल्याकडे नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. टक्क्यांची यादी तिच्यातही आहे. ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मुख्य मालकावर टाकता येते, ही जुन्या कायद्याच्या कलम 12 मधली सोय तिथेही आहे. पण नाक्यावरून उचललेल्या सुताराचं नाव मस्टरवर नसतं. त्याला आधी आपण त्या साइटवर कामाला होतो, हेच सिद्ध करावं लागतं.