झिप की ईझेड१३५? ड्राइव्ह पाहावा की शेअर

१९९५ साली अमेरिकेत संगणकाचा डेटा काढता-घालता येणाऱ्या डिस्कवर साठवणारे दोन ड्राइव्ह पाठोपाठ बाजारात आले: आयओमेगाचा झिप आणि सायक्वेस्टचा ईझेड१३५. दोघांची किंमत दोनशे-अडीचशे डॉलर, डिस्क वीस डॉलरच्या आसपास, आणि गिऱ्हाईक तेच: १.४४ एमबीच्या फ्लॉपीला वैतागलेलं. दुकानात शेजारी ठेवले तर कुणाचाही गोंधळ व्हावा. गुंतवणूकदारांचा तर झालाच.

आतून मात्र दोन्ही वेगळे. झिपच्या १०० एमबी डिस्कमध्ये फ्लॉपीसारखी लवचीक चकती, ईझेड१३५मध्ये हार्ड डिस्कसारखी टणक तबकडी. त्यामुळे डेटापर्यंत पोचायला झिपला साधारण २९ मिलिसेकंद लागत, ईझेडला १३.५. वर ३५ एमबी जागा जादा. डीटीपीवाले आधीपासून सायक्वेस्टचीच ४४ एमबीची कार्ट्रिज वापरत होते. सायक्वेस्टचा शेअर घेणारे हेच आकडे पुढे करत, आणि आकडे खरेच होते.

पण धंदा प्रिंटर आणि शाईसारखा होता: ड्राइव्ह जेमतेम नफ्यात द्यायचा, कमवायचं डिस्कवर. मग प्रश्न वेगाचा उरत नाही. किती टेबलांवर ड्राइव्ह पोचले आणि प्रत्येकामागे किती डिस्क खपल्या, एवढंच बघायचं. लवचीक चकती स्वस्तात बनते, म्हणून आयओमेगाला तो भाव झेपला. सायक्वेस्ट टणक तबकडी त्याच भावात विकायला गेली आणि तोट्यात रुतली. झिपचा खप ओळखण्यासाठी काही हौशी भागधारक युटातल्या रॉय गावी जाऊन, सुट्टीच्या दिवशीही आयओमेगाच्या कारखान्याबाहेर किती गाड्या उभ्या आहेत ते मोजून येत. वेडेपणा वाटेल, पण मिलिसेकंदांच्या तुलनेपेक्षा ही माहिती कामाची होती.

त्यांची गल्लत पुढे झाली. झिप ईझेडला हरवेल आणि झिप टिकेल, या दोन गोष्टी त्यांनी एकच धरल्या. मे १९९६मध्ये आयओमेगाचा शेअर शिखरावर होता आणि बाजार कंपनीची किंमत काही अब्ज डॉलर लावत होता. नोव्हेंबर १९९८मध्ये सायक्वेस्टने दिवाळखोरी जाहीर केली. तोवर झिपचेही ड्राइव्ह टकटक आवाज करत बंद पडू लागले होते, आणि त्यावरून कोर्टात दावाही लागला होता. कोऱ्या सीडी स्वस्त झाल्या, मागून पेन ड्राइव्ह आले. २००८मध्ये ईएमसी या डेटा साठवणुकीच्या धंद्यातल्या कंपनीने आयओमेगा घेतली ती साधारण २१ कोटी डॉलरना.