आडनाव दिलं कोणी?

आडनाव म्हटलं की आपल्याला वाटतं, ही घराण्याची ठेव, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पण मुळाशी गेलं तर बहुतेक आडनावं दुसऱ्याच कुणीतरी दिलेली निघतात. कधी शेजाऱ्याने, कधी कारकुनाने, कधी खुद्द राजाने.

गावात एकच जॉन असेतोवर 'जॉन' एवढ्यावर भागतं. दुसरा जॉन आला की विचारणं आलं: कुठला, लोहार जॉन, ओढ्याकाठचा जॉन की तांबड्या केसांचा? इंग्लंडमधली स्मिथ, ब्रूक आणि रीड ही आडनावं या तीन उत्तरांतून आली. सुरुवातीला ती त्या माणसापुरतीच असत. लोहाराच्या मुलाने पाव भाजायचं काम धरलं तर लोक त्याला खुशाल बेकर म्हणत. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात ती बापाकडून मुलाकडे जायला लागली आणि मग धंदा सुटला तरी नाव सुटेना.

लोहार तर जगभर सापडतो. जर्मनीत तो श्मिट, इटलीत फेरारी, हंगेरीत कोवाच, पोलंडमध्ये कोवाल्स्की, अरबी मुलखात हद्दाद. इतके लोहार कुठून आले? कारण साधं आहे. शेती सगळेच करत, त्यामुळे 'शेतकरी' म्हणून कुणाची ओळख पटत नसे. लोहार गावात एखादाच, म्हणून ते नाव अचूक बसे.

काही नावांत तर हरवलेली माणसं लपलेली असतात. जुन्या इंग्रजीत 'स्टर' हा शेवट मुळात बाईमाणसासाठी होता. वेब्स्टर म्हणजे विणकरीण, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी. आज ही आडनावं लावणाऱ्या कित्येकांच्या मुळाशी स्वतःच्या हाताच्या कामाने ओळखली गेलेली एखादी बाई असेल, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. वेल्समध्ये 'आप हाऊएल' म्हणजे हाऊएलचा मुलगा. भरभर म्हणता म्हणता त्याचं पॉवेल झालं, आणि 'आप रीस'चं प्राइस. त्या दोन्ही नावांच्या सुरुवातीचा 'प' म्हणजे 'मुलगा' या शब्दाचा उरलेला तुकडा.

शेजाऱ्यांनी दिलेली नावं अशी हळूहळू मुरत गेली. सरकारने दिलेली मात्र एका दिवसात आली. कर गोळा करायचा, सैन्यभरती करायची, तर वहीत माणूस पक्का सापडायला हवा.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण फिलिपीन्सचं. स्पॅनिश राजवटीत ख्रिस्ती झालेल्या लोकांनी भक्तिभावाने 'दे ला क्रूस', 'दे लॉस सांतोस' अशी नावं घेतली होती. एकाच नावाची माणसं उदंड झाली आणि एकाच घरातल्या माणसांची आडनावं मात्र वेगवेगळी. शेवटी २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी फर्मान काढलं. सुमारे साठ हजार आडनावांची अकारविल्हे यादी छापली गेली. तिच्यात स्पॅनिश शब्द होते, झाडांची-प्राण्यांची नावं होती, स्थानिक भाषांतले शब्दही होते. यादीची पानं प्रांतांना वाटली, प्रांतांनी ती गावांना वाटली, आणि गावाच्या वाट्याला आलेल्या पानातून कुटुंबप्रमुखाने एक नाव उचलायचं. चार पिढ्या एकच आडनाव चालत आल्याचं दाखवता आलं तरच जुनं ठेवायची मुभा. अल्बाय प्रांतात काही गावांतली आडनावं अजूनही एकाच अक्षराने सुरू होतात. ओआस गावात ते अक्षर 'र' आहे. अशा घराण्याचा स्पेनशी रक्ताचा संबंध बहुधा काहीच नसतो, संबंध असतो तो छापील यादीतल्या एका पानाशी.

जपानमध्ये सर्वसामान्यांना आडनाव लावायची परवानगी १८७० साली मिळाली आणि पाचच वर्षांनी त्याची सक्ती झाली. तुर्कस्तानने १९३४ मध्ये कायदा केला. थायलंडची गोष्ट मात्र आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. तिथे १९१३ मध्ये आडनावांचा कायदा केला तो राजा वजिरावुध यांनी. वजिरावुध म्हणजे आपला 'वज्रायुध'. नात्यात नसलेल्या दोन घराण्यांचं आडनाव एक असता कामा नये, असा तिथला दंडक. मग नवी नावं आणायची कुठून? राजाने स्वतः बसून, बरीचशी संस्कृत-पालीचा आधार घेऊन, ६,४३२ आडनावं घडवली.

सक्ती आली की दंतकथाही येतात. नेपोलियनच्या १८११ च्या आडनावसक्तीच्या हुकमाला कंटाळून डच लोकांनी थट्टेची नावं नोंदवली, असं हौसेने सांगितलं जातं, आणि दाखला देतात 'नाक्तखेबोरेन'चा, म्हणजे 'नागडा जन्मलेला'. पण हे आडनाव त्या हुकमाच्या आधीपासून होतं, आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाला लावायच्या जर्मन शब्दाचा तो अपभ्रंश असावा असं मानतात. अमेरिकेत बाहेरून आलेल्यांची नोंद होई त्या एलिस बेटावरच्या कारकुनांनी लोकांची नावं बदलली, ही समजूतही अशीच. ते कारकून जहाज निघाल्या बंदरावर तयार झालेल्या याद्यांवरून काम करत. नावं पुष्कळदा लोकांनीच नंतर बदलली.

ज्यांना नाव द्यायला घरचं कुणीच नव्हतं, त्यांचं काय? इटलीत नेपल्समधल्या, टाकलेली मुलं सांभाळणाऱ्या आनुंत्सियाता संस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चाक होतं. रात्री बाहेरून त्यात बाळ ठेवायचं, चाक फिरवायचं, आत कुणीतरी उचलून घ्यायचं. ठेवणारीचा चेहरा आत दिसत नसे. अशा बाळाला 'एस्पोझितो' हे नाव मिळे, म्हणजे 'बाहेर ठेवलेलं'. मिलानमध्ये अशा मुलांना कोलोंबो म्हणत, तिथल्या इस्पितळाच्या चिन्हावरच्या कबुतरावरून. ते चाक १८७५ मध्ये बंद झालं, पण एस्पोझितो हे आजही नेपल्समधल्या अगदी नेहमीच्या आडनावांपैकी एक आहे. सगळ्या आडनावांत मला हे फार लागतं. टाकून दिल्याची खूण म्हणून मिळालेलं नाव त्या मुलांनी आयुष्यभर वागवलं आणि पुढे आपल्या मुलांनाही दिलं.

आणि स्वतःच स्वतःला नाव देणारेही होते. अमेरिकेत १८६५ नंतर गुलामीतून सुटलेल्या लाखो माणसांना नोंदीसाठी आडनाव हवं होतं. काहींनी फ्रीमन लावलं, काहींनी जुन्या मालकाचंच ठेवलं. एक लहान मुलगा शाळेत पहिल्यांदा हजेरीला बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाकी सगळ्यांना दोन-दोन नावं आहेत, काहींना तर तीन. त्याला सगळे नुसतं बुकर म्हणत. आपली पाळी येईपर्यंत त्याने मनाशी ठरवलं, आणि शिक्षकांनी विचारल्यावर शांतपणे सांगितलं, "बुकर वॉशिंग्टन." पुढे मोठा शिक्षणतज्ज्ञ झालेल्या या माणसाला नंतर कळलं की जन्मल्यावर आईने त्याचं नाव बुकर टॅलियाफेरो ठेवलं होतं. मग त्याने तेही परत घेतलं आणि दोन्हींच्या मध्ये बसवलं. बुकर टी. वॉशिंग्टन या नावातला 'टी' तो आईचा.