खाडी खरंच आत आली का? सॅटेलाईट नकाशा मागवण्याआधी एवढं वाचा

आमच्या वाशीच्या ऑफिसात बरेच जण मोबाईलवर दोन सॅटेलाईट फोटो घेऊन येतात, एक जुना एक आत्ताचा, आणि म्हणतात बघा साहेब, पाणी किती आत आलंय. आम्ही आधी विचारतो, फोटोच्या दिवशी तिथी कुठली होती?

हसू नका. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आता सेंटिनेल-२ हे युरोपचं सॅटेलाईट आपल्यावरून जातं ते कायम सकाळी अकराच्या आसपास, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येचा फोटो भरतीचा आणि अष्टमीचा ओहोटीकडचा. खाडीकाठी १०० मीटरला १ मीटर उतार धरला तरी पाणी २ मीटर उतरलं की कडा २०० मीटर लांब जाते! किनारा जागेवरच असतो, चिखल तेवढा उघडा पडतो. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीची, खरी सुकती (पाणी सगळ्यात खाली जातं ती वेळ) सकाळ-संध्याकाळी, ती तर या सॅटेलाईटला दिसतच नाही.

म्हणून आम्ही सारख्या भरतीचे फोटो निवडतो, एक-दोन नाही, बऱ्याच वर्षांचे, आणि ठाणे खाडीत तरी पाण्याच्या कडेपेक्षा तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) कडेवर जास्त भरवसा ठेवतो. निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा पण सॅटेलाईटला दिसणारा प्रकाश, पाणी शोषून घेतं म्हणून ते काळं दिसतं आणि हिरवा पाला लख्ख चमकतो, त्यामुळे कड सापडते. अलिबागकडच्या वाळूच्या किनाऱ्याला मात्र हे चालत नाही, तिथे हिशोब वेगळा.

फोटो फुकट मिळतात मग पैसे कसले, हे सगळेच विचारतात. बरोबर आहे, सेंटिनेल आणि अमेरिकेचं लँडसॅट सॅटेलाईट दोन्ही फुकट. पैसे या निवडानिवडीचे आणि जागेवर येऊन तपासायचे.

सेंटिनेलचा एक ठिपका १० मीटरचा, लँडसॅटचा ३०, त्यामुळे बांध दोन मीटर खचला का हे त्यात कळणार नाही, त्याला ड्रोन लागतो. पावसाळ्यात ढगांमुळे रडारचे फोटो वापरतो, रडारला ढगातूनही दिसतं पण वारा असला की लाटांमुळे पाणी-जमीन ओळखायला त्रास होतो.

आणि हो, आमचा नकाशा म्हणजे सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या सरकारी नियमांची) भरतीरेषा नव्हे, ती सरकारमान्य संस्थाच आखतात, परवानगीच्या फाईलला आमचा कागद लावू नका.

येताना सातबारा, जागेचं लोकेशन आणि बांध कधी फुटला होता ती तारीख आणा, तारीख नसेल तर तिथी चालेल.