चंदगड तालुका वगळून

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की बाचीनंतर शिनोळी लागते. भाताची शेतं तीच, बोलणंही तेच, पाट्यांवरची लिपी तेवढी बदलते. शिनोळी चंदगड तालुक्यातली, म्हणजे महाराष्ट्रातली. १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता.

राज्य पुनर्रचना कायद्यानं १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तो ‘चंदगड तालुका वगळून’. एका तालुक्यासाठी जिल्ह्याची रेघ मोडता येते, तर खानापूर-निपाणीसाठी का नाही? राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं जिल्हा हा घटक धरला होता. सीमाभागाची मागणी खेडं घटक धरण्याची. जनगणना एकच असली तरी घटक बदलला की निकाल फिरतो.

आणि हा जिल्हा तरी काय? पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख धारवाडच्या कलेक्टराकडे होता. १८३६ मध्ये बेळगाव वेगळं काढलं ते कारभाराच्या सोयीसाठी; घरात कोण काय बोलतं हा प्रश्नच नव्हता. पुढे मोजणीदार ३३ फुटी साखळी घेऊन बांधाबांधानं फिरले. साखळीचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत; साखळीभर लांब-रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. उताऱ्यावर तो गुंठा अजून आहे.

नावांचंही तसंच. इंग्रजांच्या नकाशावर हा ‘सदर्न मराठा कंट्री’. १८८२ ची रेल्वे कंपनीही त्याच नावाची. कानडी मंडळींना ते खुपलं, यात नवल नाही. आपल्याला ‘बेळगावी’ खुपतं तसंच ते. २०१४ मध्ये शहराचं नाव बदललं, २०२१ मध्ये या भागाच्या ‘मुंबई-कर्नाटक’ नावाचं ‘कित्तूर कर्नाटक’ झालं.

मधल्या काळात सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ म्हैसूरला सुचवली आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. २००४ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर २०२२ च्या महाराष्ट्र विधिमंडळाच्या ठरावात मागणीचा आकडा ८६५ झाला.

बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक कित्येक वर्षं उभा होता. जुलै २०१४ मध्ये हायकोर्टाच्या आदेशावरून तो काढला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पोलिसांनी पुन्हा पाडला, आणि त्या दिवशी गावात लाठ्या पडल्या.