अनोळखी मयताची ओळख : कोण पटवू शकतं, कुठे जायचं, कागद काय काय लागतात

फुटपाथवर किंवा पुलाखाली राहणाऱ्या माणसाचा खून होतो आणि खिशात नाव सांगणारं काहीच सापडत नाही, तेव्हा तपास जागच्या जागी अडतो. मेला तो कोण हेच माहीत नसेल तर त्याचं कोणाशी वाकडं होतं, शेवटचा कोणाबरोबर दिसला, हे विचारायचं तरी कोणाला? म्हणून तपास अधिकारी आधी ओळखीच्या मागे लागतो, आणि इथेच बाहेरच्या माणसाची मदत लागते. पण लोक पुढे येत नाहीत, कारण बहुतेकांना वाटतं की आपण नातेवाईक नाही तर आपलं काय काम.

तर पहिली गोष्ट ही की ओळख सांगणं वेगळं आणि मृतदेहाचा ताबा घेणं वेगळं. ओळख सांगायला नातं लागत नाही, कागद लागत नाही, पूर्ण नावही माहीत असायची गरज नाही. रोज त्याला चहा देणारा टपरीवाला, रात्रनिवाऱ्यातला कर्मचारी, शेजारच्या दुकानाचा वॉचमन, त्याच्याबरोबर कचरा वेचणारी बाई, यातलं कोणीही सांगू शकतं. "याला सगळे मास्तर म्हणायचे, बोली विदर्भातली वाटायची, पाय ओढत चालायचा" एवढंसुद्धा चालतं, कारण तेवढ्यावरून कुठल्या जिल्ह्यातलं मिसिंग रजिस्टर, म्हणजे बेपत्ता माणसांची नोंदवही, आधी चाळायचं ते ठरतं. पोलीस जबाब घेतील, नाव-पत्ता-मोबाईल लिहून घेतील, पुढे कोर्टात साक्षीला बोलावणं येऊ शकतं, पण माहिती दिली म्हणून कोणी आरोपी होत नाही.

आता पोलिसांकडे काय चालतं ते थोडं माहीत असलेलं बरं, म्हणजे कुठे काय विचारायचं ते कळतं. मृतदेह सापडला की ज्या पोलीस ठाण्याची हद्द तिथे अकस्मात मृत्यूची नोंद होते, घातपात उघड दिसत असेल तर थेट गुन्हा दाखल होतो. मग पंचांसमोर इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाची अवस्था आणि जखमा बघून केलेली लेखी नोंद. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतं, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, त्यामुळे जुन्या कागदांवर तो आकडा दिसेल. त्यानंतर पीएम म्हणजे शवविच्छेदन, बोटांचे ठसे, फोटो, डीएनएसाठी नमुना, आणि सगळ्या ठाण्यांना वर्णनाचा बिनतारी संदेश. ते वर्णन ठरलेल्या साच्यातलं असतं : वय अंदाजे ५० ते ५५, बांधा सडपातळ, रंग सावळा, दाढी वाढलेली, अंगात निळा फुल शर्ट, उजव्या मनगटावर गोंदण. घरच्यांनी आपल्या माणसाचं वर्णन याच पद्धतीने लिहून दिलं तर जुळवणाऱ्याचं काम सोपं होतं.

चांगला तपास करणारा पथकातला माणूस कपडे उलटे करून बघतो. कॉलरच्या आतलं टेलरचं लेबल, त्यावर गावाचं नाव असलं तर अर्धं काम झालं. सरकारी दवाखान्याचा घडी पडलेला केस पेपर, गोळ्यांची पाकिटं, रेल्वेचं तिकीट, कागदाच्या कपट्यावर पेनाने लिहिलेला फोन नंबर. हाडात रॉड किंवा प्लेट असेल तर तिच्यावर कंपनीचं नाव आणि नंबर असू शकतो, त्यावरून ऑपरेशन कुठे झालं ते शोधता येतं. म्हणून घरच्यांनी "पायात रॉड आहे" हे आवर्जून सांगायचं, आणि ऑपरेशनचे कागद घरात असतील तर तेही घेऊन जायचं.

आधारचा एक मोठा गैरसमज आहे. बोट मशीनवर ठेवलं की नाव येईल असं सगळ्यांना वाटतं, तसं होत नाही. आधारची पडताळणी म्हणजे नंबर दिला तर हा माणूस तोच आहे का एवढंच, अनोळखी ठसा सगळ्या साठ्यात फिरवून शोधणं शक्य नाही असं आधार देणाऱ्या प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं, आणि कायद्यानेही ठशांसारखी मूळ बायोमेट्रिक माहिती कोणाला देता येत नाही. पोलिसांकडे ठशांची स्वतःची यंत्रणा आहे, देशपातळीवर नॅफिस, पण तिच्यात मुख्यतः अटक झालेल्यांचे आणि गुन्हेगारांचे ठसे असतात, म्हणजे ज्या माणसाचं कधी पोलिसांशी काम पडलंच नाही त्याच्या बाबतीत उपयोग शून्य. हरवलेल्यांसाठी देशाची म्हणावी अशी डीएनए बँकही नाही, त्यासाठीचं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे घरच्यांनी स्वतःहून पुढे येण्याला आजही पर्याय नाही.

घरातला माणूस बेपत्ता असेल तर सगळ्यात आधी पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार दाखल करा. २४ तास थांबा असं कुठल्याही कायद्यात नाही. माणूस दहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला असला आणि तेव्हा तक्रार दिली नसली तरी आज देता येते, उशीर का झाला ते अर्जात सरळ लिहायचं. फोटो देताना एक लक्षात ठेवा, लग्नातला गुळगुळीत दाढीचा फोटो रस्त्यावर काही वर्षं काढलेल्या माणसाशी जुळत नाही, म्हणून दात दिसणारा हसरा फोटो, कानाची ठेवण दिसेल असा बाजूने काढलेला फोटो शोधून द्या, दाढी वाढली तरी दात आणि कान फारसे बदलत नाहीत. नंतर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर अनोळखी मृतदेहांचं पान आहे ते बघायचं. ते फोटो बघणं जड जातं, एकट्याने बसू नका. आणि नुसत्या वेबसाईटवर विसंबू नका, संशय असेल त्या भागातल्या ठाण्यात आणि सरकारी हॉस्पिटलच्या शवागारात जाऊन विचारणं जास्त खात्रीचं.

ताब्यासाठी मात्र कागद लागतात. पहिला हक्क जवळच्या नातेवाईकांचा : नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण. सोबत न्यायचं ते असं : स्वतःचं फोटो ओळखपत्र, नातं दाखवणारा कागद म्हणजे रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म किंवा लग्नाचा दाखला यातलं काहीही, मयताचं जुनं कुठलंही ओळखपत्र, मिसिंगची प्रत, फोटो. गावाकडच्या लोकांकडून बऱ्याचदा पोलीस पाटील किंवा सरपंचाचं पत्र मागतात, ते निघतानाच घेतलं तर परत हेलपाटा नको. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. दोन घरं हक्क सांगायला आली, किंवा चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेला असला, तर डीएनए होईपर्यंत थांबावं लागतं. त्यासाठी आईवडील किंवा मुलांचं रक्त सगळ्यात उपयोगी, भावंडांचं चालतं पण निकाल तेवढा पक्का येईलच असं नाही, बायकोच्या एकटीच्या रक्ताचा उपयोग नाही, तिच्याबरोबर मूल हवं. नमुना पोलिसांमार्फतच न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, आपण थेट लॅबमध्ये जाऊन काही होत नाही.

नातेवाईक कोणी नसेल आणि मित्राला किंवा संस्थेला अंत्यसंस्कार करायचे असतील तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यायचा, परवानगी त्याच्या हातात असते. बेवारस म्हणून आधीच विधी उरकले असतील तरी दार बंद होत नाही, राखून ठेवलेले कपडे, फोटो आणि नमुन्यावरून ओळख पटू शकते, आणि दफन केलेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह बाहेर काढून तपासता येतो.

ओळख पटल्यावरही कामं उरतातच. मृत्यूची नोंद "अनोळखी पुरुष" अशी झालेली असली तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ खाली नोंद दुरुस्तीचा अर्ज, सोबत पोलिसांचं ओळख पटल्याचं पत्र, हे पत्र ठाण्यातून निघतानाच मागून घ्या. खून असेल तर अवलंबून असलेल्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. झोपलेल्या माणसाला गाडीने उडवलं आणि गाडी सापडलीच नाही तर २०२२ च्या हिट अँड रन योजनेखाली वारसांना २ लाख रुपये मिळतात, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे. हे पैसे लोक मागतच नाहीत, कारण कोणी सांगतच नाही. अर्ज लिहायला वकील हवा असेल आणि खिशात पैसे नसतील तर विधी सेवेचा १५१०० हा नंबर आहे. खुनाच्या केसमध्ये वारसांनाही कायद्याने पीडित मानलं जातं, म्हणजे तपास कुठवर आला ते ९० दिवसांत कळवायचं काम पोलिसांचं आहे, नाही कळवलं तर लेखी विचारा आणि आपल्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या.

मयताजवळच्या वस्तू, पिशवी, अंगठी, जे काही असेल ते मुद्देमालात जमा असतं, ते परत हवं असेल तर कोर्टात अर्ज करावा लागतो आणि खटला संपेपर्यंत ते मिळेलच असं नाही.