'डिनाय' म्हणजे नकार देणे नव्हे

'डिनाय, रिफ्यूज, डिक्लाइन, रिजेक्ट म्हणजे नाकारणे, कुठलाही वापरा.' आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलं हे घोकतात. ते चूक आहे. फोंड्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला पणजीच्या हॉटेलातली नोकरी नको होती. तिने लिहिलं, 'आय डिनाय युवर ऑफर.' वाचणाऱ्याला वाटावं, देऊ केलेली नोकरी खरी नाही असंच ही म्हणते आहे!

डिनाय म्हणजे मुख्यतः इन्कार: आरोप खोटा आहे, मी तसं केलं नाही. (प्रवेश किंवा हक्क न देणं यालाही डिनाय चालतं. पण 'डिनाइड टू कम' कधीच नाही, तिथे रिफ्यूज्ड.)

तिला हवा होता डिक्लाइन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कलणं, बाजूला वळणं. जेवणावळीत वाढपी आला की आपण पानावर आडवा हात धरून 'पुरे हं' म्हणतो, अगदी तसं. वाढप्याला न दुखावता. रिफ्यूजमध्ये हा मऊपणा नाही, ते ठाम 'नाही'.

आणि रिजेक्ट? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून बघायचे, लाली गेलेली दिसली की मासा परत टोपलीत. पारखून बाजूला टाकणं. लॅटिन मुळातही 'परत फेकणं'च आहे.